थांब गा

संगीताले भाषा लागत नाही म्हणतात. हे मी तीस वर्षांपासून प्रत्येक स्टेजवरून ऐकून राहिलो, कारण माईक माझाच राहते. मी कन्हानचा. बाबा कोळशाच्या खाणीत होते, मले खाली उतराची भीती वाटे, म्हणून लकडगंजात एका साउंडवाल्याकडं वायरी गुंडाळाले लागलो. आता सवताचा सेट आहे. लग्न, जयंती, निवडणूक, तेरवी, सगळं केलं. तेरवीवाले भले, काय सांगू तुम्हाले, आवाज वाढवा म्हणत नाहीत.

तर मागच्या हिवाळ्यात एका कॉलेजनं फ्रान्सचा बँड आणला. पोरं म्हणे, काका, प्रोग्रेसिव्ह पावर मेटल आहे. पावर म्हटल्यावर मी जनरेटर नेला. मेटल म्हणजे आमच्याकडं रस्त्याची गिट्टी, ते मी सोडून देल्लं. पाच जण आले, केस कमरेपर्यंत, पण इतके सालस का चहा पिऊन कप सवता नेऊन ठेवले. एकेक गाणं अकरा मिनिटांचं, मले वाटे संपलं, मी बटन खाली करू, का ते दुसऱ्याच चालीत सुरू होत.

दुपारी टेस्टिंग होती. गायकानं वरचा सूर लावला, उतरवेच ना, अन् माझ्या अम्प्लिफायरातून जळका वास याले लागला. माझ्याकडं तो एकच. अन् पुढच्या हप्त्यात पोरीचं लग्न, तिनं सांगून ठेवलेलं, बाबा, माझ्या लग्नात दुसऱ्याचा साउंड वाजला तर मी उभी राहणार नाही.

मी मिक्सरवरून ओरडलो, थांब गा. आपण माणसाले हाक मारतो तर गा लावतोच. पण त्याईच्यासंगं भाषांतराले पुण्याची मॅडम होती. तिनं सांगितलं, थोडं थांब, मग गा. तो थांबला, मले मान झुकवली, अन् आणखी वर गेला. मी म्हटलं, बंद कर गा. तं गिटारी बंद झाल्या, तो एकटाच गाऊन राहिला. मी म्हटलं, जळून राहिलं गा. मॅडमनं सांगितलं, काळीज जळून राहिलं, गा, अन् त्याच्या डोळ्यात पाणी आलं.

मंग मीच स्टेजमागं धावत गेलो अन् मेन स्विच पाडला. मॅडम म्हणे, काका, तुम्हीच तर गा गा म्हणत होता. म्हटलं, तो गा नव्हे वं बाई, हा गा.

तासाभरात अम्प्लिफायर उघडला, पुसला, लावला. प्रोग्राम झाला, पोरीचं लग्नही त्याच्यावरच झालं. ती सुखात आहे. तो गायक म्हणे तिकडं सगळ्याईले सांगते, नागपुरात माझ्या सुरानं मशीन पेटली. सांगू दे, भलं होवो त्याचं.

आत पाल भाजली होती.