तीन तल्ल्याची पिशवी

वर्षभर लेकीला घेऊन गावोगाव राहिलात, मग दिवसाची घडी कशी बसली, असं सगळे विचारतात. आमची घडी कोलकात्यात, बेहालाला, एका पिशवीने बसवली.

तोवर सई रोज डोळे उघडायच्या आधीच विचारायची, "आई, आज आपण कुठे आहोत?"

बेहालाच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या, तिथल्या भाषेत 'तीन तल्ल्या'वरच्या, फ्लॅटच्या गॅलरीत दोरीला बांधलेली एक पिशवी होती. पहिल्या संध्याकाळी सईने ती खेळता खेळता खाली सोडली, ती तशीच राहिली. सकाळी ओढली तर जड! आत परवर, लाल माठ आणि वर एक घमघमणारं लिंबू. मी वाकून खालच्या भाजीवाल्याला ओरडले, "भैया, ये हमारा नहीं है!"

"तीन तल्ला का थैली है ना, बौदी? तीन तल्ला रोज यही लेता है."

आधीच्या भाडेकरूंची सकाळ आम्हाला आयती मिळाली. मीही मुकाट्याने पैसे पिशवीतून खाली सोडले. मग रोज तेच. लिंबाच्या वासाने घर जागं व्हायचं आणि सई अर्धवट झोपेत विचारायची, "आई, आज काय आलं?" कुठे आहोत, हे विचारायचं ती विसरूनच गेली.

पुढे पुरीला गेलो. खोली तळमजल्यावर. पहिल्याच सकाळी बघते तर सईने खिडकीच्या गजाला माझी ओढणी बांधून पिशवी बाहेर सोडलेली. पिशवी केव्हाच वाळूत टेकली होती.

"अगं, इथे कोण काय टाकणार?"

"आज नाही गं. आधी आपण आलोय हे कळू दे ना त्यांना."