परत आलेले प्रोसेसर

नाही नाही, तो नको. खाली ठेवा तो डबा — ठेवा हो ताई, मी ओरडत नाहीये, माझा आवाजच असा झालाय, सोळा वर्षं या पंख्यांच्या घरघरीत बोलतेय. स्वस्त आहे, माहीत आहे मला. ती पाटी माझ्याच हातची आहे, ‘आजची खास किंमत’, खालची नारिंगी रेघही मीच मारली. तरी तो नको. आधी मला सांगा, मुलगी त्या संगणकावर करते काय? गेम? — ॲनिमेशन. बरं. ताइनानच्या कॉलेजात, शेवटचं वर्ष, आणि फिल्म जूनमध्ये द्यायची. मग तुम्ही आठ कोअरवाल्याकडे बघूच नका. समोरच्या गाळ्यातला तो चष्मेवाला तुम्हाला आठचाच गळ्यात मारत होता, मी इथून ऐकत होते, म्हणे याचा वेग सगळ्यात जास्त. गेमवाल्यांना वेग लागतो. ॲनिमेशनला माणसं लागतात, कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतली माणसंच असं समजा — एकेक चित्र तयार करायला सगळ्या कोअरना एकदम जुंपायचं, तासन् तास, मध्ये श्वास घेऊ द्यायचा नाही. म्हणजे सोळाचा. सगळ्यात वरचा नको, त्याच्या एक पायरी खालचा घ्या. वरच्याला दीडपट पैसे आणि वाचतात किती, तर तासाला चार मिनिटं. त्या पैशात प्रोसेसर गार ठेवणारा चांगला कूलर घ्या, मेमरी दुप्पट घ्या, मुलगी दुवा देईल.

आता तुम्ही म्हणणार, हाही सोळाचा आणि माझ्यामागे कपाटात आहे तोही सोळाचा, नाव तेच, नंबर तोच, मग हा का नको? — बसा. ते स्टूल ओढा. भाऊ गोदामात गेलाय, तीनपर्यंत येत नाही. जियाहोंग, माझा धाकटा भाऊ, दुकान त्याचं आहे. मी आपली — मी बहीण.

एक गोष्ट सांगते, ती कोणी सांगत नाही. हे प्रोसेसर सगळे एकसारखे नसतात. कारखान्यातून नाव एकच छापून येतं, पण एक असतो तो थंड डोक्यानं काम करतो, थोड्या विजेत भागवतो, आणि दुसरा तेवढ्याच कामाला तापतो. दोन्ही चांगलेच असतात हं, डब्यावर लिहिलंय तेवढं दोघंही करतात, जन्मभर करतात. तुमच्या मुलीला फरक कळणारसुद्धा नाही. पण काही लोकांना तो फरक पाहिजे असतो. कशाला? कशालाच नाही. नुसता आकडा बघायला. आमचं एक गिऱ्हाईक आहे, ओउयांग म्हणून, दातांचा डॉक्टर, पन्नाशीचा माणूस, नखं स्वच्छ, बोलणं मऊ. हा माणूस ऑनलाइन सहा प्रोसेसर मागवतो. सहा! ऑनलाइन घेतलेलं सात दिवसांत परत करता येतं ना, कायदाच आहे. मग घरी एकेक बसवायचा, त्याला प्यायला देतात त्याच्या दीडपट वीज पाजायची, किती पळतो बघायचं, पडला की उठवायचा, पुन्हा पाजायची. सहातला जो सगळ्यात जास्त पळाला तो ठेवायचा, त्याच्या आकड्याचा फोटो काढून आपल्यासारख्याच दहा वेड्यांना पाठवायचा, आणि उरलेले पाच परत. आणि वर चिठ्ठी! ‘आपल्या तत्पर सेवेबद्दल आभार.’ अक्षर काय सुंदर. मला ती चिठ्ठी हातात धरवत नाही. ताई, तुम्ही बाजारात बघितलं असेल, ताटातला प्रत्येक मोमो उचलायचा, दातानं जरासा तोडायचा, नाही आवडला की परत ताटात ठेवायचा, असं कोणी केलं तर? शी! तिथल्या तिथं हात धराल त्याचा. पण इथं तो डॉक्टर आला की आम्ही चहा मागवतो. कमी साखर, जास्त बर्फ. पाठ आहे मला.

हो, तेच. बरोबर ओळखलंत. तुमच्या हातात होता तो त्या पाचातला एक.

कंपनी घेत नाही हो परत, उघडलेला डबा कोण घेणार? मग जियाहोंग काय करतो — म्हणजे आम्ही काय करतो — कूलर बसवताना मध्ये लावतात ती पेस्ट पुसायची, स्पिरिटनं, कडेकडेनं कापसाची काडी फिरवून. डब्यात परत ठेवायचा. आणि ते गोल सील असतं ना, ते फाडायचंच नाही मुळात, गरम हवा दिली की अलगद सुटतं आणि तसंच परत बसतं. कोणाला कळत नाही. कळायचं असेल तर भिंग लागतं. प्रोसेसर उलटा केला की खाली सोनेरी ठिपके असतात, शेकड्यांनी. एकदा बसवला की प्रत्येक ठिपक्यावर सुई टोचल्यासारखी बारीक खूण पडते, आणि ती पुसली जात नाही, स्पिरिटनं नाही, कशानंच नाही. नव्याचे ठिपके असे लखलखीत असतात. — हो, लिहून घ्या, फोनवर घ्या, काही हरकत नाही. सगळ्यांनी लिहून घ्यावं. गरम हवा? केस वाळवायचं यंत्र. माझंच आहे. घरून आणलं, पहिल्यांदा त्यानं सिगारेटचा लायटर धरला होता, सील काळं पडलं, म्हणून मी म्हटलं, अरे थांब, असं नाही.

बघताय काय असं? मीच म्हटलं. मी शिकवलं त्याला. आता घरी केस मी टॉवेलनं पुसते, त्या यंत्राची हवा डोक्याला नको वाटते.

नाही, सगळे बिघडलेले नसतात. खरं तेच सांगते. पाचातले चार कदाचित धडधाकट निघतील. पण एखाद्याला आतून काहीतरी लागलेलं असतं, आणि ते दुकानात कळत नाही. दुकानात तो चालतो. सिनेमा दाखवतो, गेम चालवतो. दिवसभर राबवला की मग पडतो. म्हणजे कोणाकडे पडणार? जो खरंच काम करतो त्याच्याकडे. गंमत बघा. डॉक्टर त्याच्यावर काही करत नाही, त्याला सगळ्यात उत्तम. आणि तुमची मुलगी — असो.

मी हे कोणाला सांगत नाही. पण आता निघालंच आहे तर. तो मागे लावलाय तो नकाशा बघितलात? डोंगर आहेत ते, मिआओलीकडचे. फान सरांनी केलाय. भूगोल शिकवायचे, आता निवृत्त झाले, एकटेच असतात. वादळात त्यांच्या गावाकडे दरडी कोसळतात, तर कुठली उतरण कधी खाली येईल ते आधी कळावं म्हणून ते स्वतः चालत जाऊन फोटो काढत होते, हजारो, दोन वर्षं. ते सगळे संगणकात घालायचे, आणि त्यानं त्यांचा असा उठावाचा नकाशा बनवायचा. तीन दिवस लागतात, सलग. त्यांना मीच म्हटलं, सर, सोळाचा घ्या. आणि त्यांना मीच तसलाच एक दिला. डॉक्टरचा नाही, दुसऱ्या कोणाचा, पण तसलाच. माझ्या हातानं सील लावलेला. दुसऱ्या दिवशी संगणक बंद पडायचा. प्रत्येक वेळी. मग ते सगळं उचलून घेऊन आले, बाजारहाटाची चाकाची पिशवी असते ना, तिच्यात टॉवेलात गुंडाळून, गाडीत मांडीवर धरून. जियाहोंग इथं उभा होता, तिथं, त्या खांबाशी. माझ्याकडे बघत होता.  आणि मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, सर, पेस्ट जास्त लावलीत तुम्ही. कूलर तिरका बसवलात. त्यानं नुकसान झालं, आता बदलून मिळणार नाही.

त्यांनी माझी माफी मागितली.

वाकून. म्हणाले, बाई, म्हाताऱ्या हातांची चूक, तुमचा वेळ घेतला. आणि पुढच्या आठवड्यात पेरू घेऊन आले, त्यांच्या झाडाचे, प्रत्येकाला कागद गुंडाळलेला. जियाहोंगनं इथंच मीठ लावून दोन खाल्ले. मला — मला किळस आली, ताई. पेरूची नाही. मी ते घरी नेले आणि तिसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकले, कागदासकट, आणि आता कुठंही कापलेल्या पेरूचा वास आला तरी मी रस्ता बदलते. मग महिन्याभरानं हा नकाशा घेऊन आले. म्हणाले, सगळा काही झाला नाही, यंत्र थकतं, पण निम्मे डोंगर गाळले तेव्हा झाला, तुमच्यामुळे एवढं तरी झालं. आणि लावा म्हणाले दुकानात. डावीकडे पांढरं आहे ना, तिथं त्यांच्या बहिणीचं गाव आहे. ते गाळावं लागलं.

रुमाल नको, आहे माझ्याकडे. मी रडत नाहीये. मला राग येतोय.

तर काल आमचं भांडण झालं. वर्षातून एकदा होतं तसं नाही, मोठं झालं, शेजारचे गाळेवाले गप्प बसून ऐकत होते. मी म्हटलं, हे पाच डबे मी नवे म्हणून विकणार नाही. ‘उघडलेले’ अशी पाटी लावू, किंमत पाडू, ज्याला गेम खेळायचेत तो घेईल, काम करणाऱ्याला नवा देऊ. लोकांना खरं सांगितलं तर लोक समजून घेतात. तो हसला. म्हणाला, अक्का, तू या बाजारात सोळा वर्षं बसलीस आणि तुला अजून माणूस कळला नाही. खरं सांगितलंस की उद्यापासून सगळे डॉक्टर होतील. आत्ता निदान लोकांना माहीत नाही की निवडायला काही असतं! मी म्हटलं, एकाला सांगून बघते. एकाच गिऱ्हाइकाला, सगळं, पहिल्यापासून. आणि ते गिऱ्हाईक शांतपणे नवा डबा घेऊन, पूर्ण पैसे देऊन गेलं तर तू माझी पाटी लावायची. तो म्हणाला, लाव पैज. सकाळपासून चौघं येऊन गेले, मला धीर झाला नाही. मग तुम्ही आलात. तुमच्या हातात मुलीनं लिहून दिलेला कागद होता, आणि तुम्ही चष्मेवाल्याला म्हणालात, मला फसवू नका, मला यातलं काही कळत नाही. म्हटलं, यांना सांगायचं.

हा घ्या. हा नवा. कारखान्याच्या खोक्यातून आज सकाळी मी काढलाय, कोणाचा हात लागलेला नाही. वीस हजार चारशे, एक पैसा कमी नाही, आणि कमी का नाही ते तुम्हाला आता कळलंय. भिंग देऊ? उघडून ठिपके बघा. — नाही, ऑनलाइनही तीच किंमत. हो, आमचंच दुकान आहे तेही. हो, सात दिवस, पण तुम्हाला कशाला —

काय म्हणालात?

दोन.

नाही, ऐकू आलं मला. ऑनलाइन दोन मागवायचे. दोन्ही मुलीच्या मित्राकडे लावून बघायचे, थंड डोक्याचा कुठला ते. आणि दुसरा सात दिवसांच्या आत परत. पुसून देणार म्हणता, नीट, स्पिरिटनं. पेस्टचा डाग राहू देणार नाही.

तुम्ही वाईट नाही आहात, मला माहीत आहे. एकदाच घेताय, मुलीसाठी घेताय, तिची फिल्म आहे. डॉक्टरलाही विचारलं असतं तर त्यानं असंच काहीतरी सांगितलं असतं, मऊ आवाजात. पण मी अर्धा तास इथं काय सांगत होते हो? तो दुसरा कोणाकडे जातो हेच सांगत होते ना? पांढरं दाखवलं ना मी तुम्हाला, डावीकडचं? आणि तुम्ही त्यातून एवढंच उचललंत, की निवडता येतं. फोनवर लिहून घेत होतात तेव्हा मला किती बरं वाटलं होतं.

तो डबा इकडे द्या. द्या म्हणते ना. विकायचा नाही मला. तीन वाजता भाऊ येईल, त्याच्याकडून घ्या, तो दोन देईल, चार देईल, हसत देईल, आणि उद्यापासून तुमच्यासाठीही चहा मागवेल. लोक समजून घेतात, असं म्हणणार होते मी त्याला. तुमच्या जिवावर म्हणणार होते. पाटी मी तरीही लावणार आहे, पैज हरले तरी लावणार आहे.

नाही, काही बोलू नका. मुलीचं नावसुद्धा सांगू नका मला. जिना डावीकडे आहे.

स्टूल राहू द्या तिथंच. जा.