पावणेसातशे

बिघाड नव्हता, साहेब. इंजिनात कसलाही बिघाड नव्हता – आणि ‘बिघाड’मधला ‘बि’ ऱ्हस्व असतो, तुम्ही दीर्घ लिहिला आहे. कोणी सांगितलं तुम्हाला? रवींद्रनं? दवाखान्यात पाय टांगून पडलेला माणूस काहीही सांगेल. शर्यतीच्या कमिटीनं तुम्हाला चौकशीला पाठवलं आहे ना, मग चौकशी करा; जे कानावर पडेल ते उतरवून घेऊ नका.

ते इंजिन मी लावलं होतं. मी, इंदुताई – हो, हसून घ्या. एकोणचाळीस सालची मॅट्रिक आहे मी. आमचे हे कन्हानला भट्टीवर होते, वितळलेल्या लोखंडाची उष्णता मोजायचे. भट्टीत सळई घालायची, तिचं टोक तापलं की तारेतून अंश दाखवणाऱ्या घड्याळावरची सुई सरकते – त्यांनी मला शिकवलं होतं ते. तसलीच एक बारीक सळई मी रवींद्रच्या मोटरसायकलला बसवली, धूर जिथून बाहेर पडतो त्या नळीत, अगदी इंजिनाला लागून. आणि घड्याळ हँडलवर. लकडगंजातले तुमचे नामांकित मिस्त्री काय करतात? कान लावतात! ‘आवाज बराबर येऊन राहिला, बाई.’ प्लग काढून त्याचा रंग बघतात – चहा झाला की नाही बघावं तसा. अहो, आवाजाचं काय घेऊन बसलात! धूर किती तापला आहे ते मोजा. पेट्रोल कमी पडलं की धूर तापतो, जास्त झालं की थंडावतो. यापलीकडे त्यात काही नाही. कमी पेट्रोलवर गाडी जोरात पळते, खरं आहे – पण एका हद्दीपर्यंत. पुढे पिस्टन वितळतो, चाक जागच्या जागी अडकतं आणि वर बसलेला फेकला जातो. ती हद्द मी शोधून काढली होती. तीन रविवार उन्हात उभं राहून, कार्ब्युरेटरचं जेट – म्हणजे पेट्रोल यायचं छिद्र हो – बदलून बदलून. आणि डिसेंबरातली सकाळची गार हवा सुई वर चढवते, म्हणून शर्यतीच्या दिवशी छिद्र एक नंबरानं मोठं केलं. हे तुमच्या एका तरी मिस्त्रीला सुचलं असतं? आणि म्हणे इंजिनात बिघाड!

तुम्ही सरळ लिहा – ‘चालवणाऱ्याचा निष्काळजीपणा’. माझा सख्खा भाचा आहे, म्हणून काय झालं? ठाऊक आहे मला, तसं लिहिलंत तर दोन वर्षं त्याला शर्यतीत उतरू देणार नाहीत. नका देऊ. चौतीस वर्षांच्या घोड्याला तेवढी तरी शिस्त लागेल.

मी काय सांगितलं होतं, ऐका. हा रेषेवर उभा, हेल्मेट चढवून. मी म्हटलं, ‘रवींद्र, सुई पावणेसातशेला आली की मूठ सैल करायची. त्यापुढे एक घरही नाही.’ स्वच्छ मराठीत! आणि या महाशयांनी गाडी नेली सव्वासातशेवर. दवाखान्यात विचारलं, तर मला म्हणतो, ‘पावणे म्हणजे सातशेच्या थोडं वरच ना वं, आत्या? मले तसंच वाटलं.’ वर! कॉन्व्हेंटात घातला होता याला, वाजतगाजत. पाढ्यांतली पाऊणकी नाही, सवायकी नाही, औटकी तर ऐकलेलीसुद्धा नाही. सातशेला पंचवीस कमी – यात न समजण्यासारखं काय आहे? सांगा ना तुम्ही... तुम्हीही सातशेच्या वरच समजला होतात? राहू द्या. चेहऱ्यावर दिसलं.

काय म्हणालात? रेषेवर त्यानं उलट काही विचारलं का?

तिथे गोंगाट किती होता – दहा इंजिनं एकदम गुरगुरत होती, धूळ, कर्णा – ऐकू कुठून येणार – आलं. ऐकू आलं. माझे कान ठणठणीत आहेत. काच वर करून म्हणाला, ‘म्हणजे सातशेच्या वर जाऊ देऊ ना, आत्या?’ – आता तुम्हीच सांगा, चारचौघांत काय बोलायचं मी? ते मिस्त्री तिथेच उभे, दात काढत – ‘बुढीच्या घड्याळावर पळून राहिला गा पठ्ठ्या!’ त्यांच्यापुढे याला बालवर्गातल्यासारखं सहा-सात-पाच करून सांगू? आमच्या घरातल्या माणसाला पावणे कळत नाही, हे त्यांच्या हाती देऊ? म्हटलं, आठवेल याचं यालाच. लाज वाटली की आठवतं माणसाला. बघत राहिले नुसती. तोही बघत होता – मी मान हलवेन म्हणून. चांगला बघत होता. तेवढ्यात झेंडा पडला.

होय म्हणूनही हलवली नाही, नाही म्हणूनही हलवली नाही.

लिहायचं का थांबलात? ‘निष्काळजीपणा’ राहू द्या, तो शब्द बरोबर आहे. ‘चालवणाऱ्याचा’ तेवढं काढा. मग कुणाचा म्हणून विचारू नका मला – इतका वेळ काय ऐकत होतात? या आता. या म्हणते ना.