‘होल्ड’ला निरोप देण्याआधी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान संचालक, ज्यांच्या कल्पकतेतून हा सोहळा साकारला ते विभागप्रमुख, माझे जुने सहकारी, आणि केक कधी कापणार म्हणून मागच्या रांगेत चुळबुळणारे नवे सहकारी,

निवृत्त माणसांना निरोप देतात, बदली झालेल्यांना देतात. पण कामावर असलेल्यांना, त्यांना न विचारता, फुगे लावून निरोप दिलेला मी आज पहिल्यांदाच पाहते आहे. माझ्यामागच्या पडद्यावर माझ्या लायब्ररीतल्या फंक्शनांची जुनी नावं झळकताहेत, प्रत्येकापुढे एक मेणबत्ती. छान. मला वाटलं, चुकून कोणाच्या तरी शोकसभेत आले.

ज्यांना आमच्या धंद्यातलं काही कळत नाही, अशा पाहुण्यांसाठी दोन शब्द. लायब्ररी म्हणजे तयार कामांची पेटी. दुसऱ्याच्या प्रोग्रामने नाव घेऊन हाक मारायची, की ते काम होतं. माझी पेटी ओव्हन, बॉयलर, भट्ट्या अशा तापणाऱ्या यंत्रांसाठी होती. तिच्यातलं एक फंक्शन ‘होल्ड’. आच इतका वेळ धरून ठेव, एवढंच त्याचं काम. वेळ सेकंदांत सांगायची.

मी निवृत्त झाले आणि विभागप्रमुख आले. ऑफिसात यांना ‘टापटीप’ म्हणतात. मी म्हणत नाही, फक्त कानावर आलेलं सांगते. यांना ‘होल्ड’ हे नाव गबाळं वाटलं. त्याचं त्यांनी ‘कीप टेंपरेचर’ केलं. करा बापडे! बारसं करायला माझी कधीच हरकत नव्हती. नवं फंक्शन वेळ मिनिटांत मोजू लागलं. त्यालाही हरकत नाही. पण जुन्यांची सोय म्हणून यांनी ‘होल्ड’ला मारलेली हाक थेट नव्या फंक्शनकडे वळवून दिली. आकडा तसाच पुढे. सेकंदांचा आकडा मिनिटांच्या हातात!

दारावरची पाटी तीच, आत राहणारा माणूस वेगळा. याला हे लोक जुन्यांशी सुसंगतता म्हणतात.

माझी धाकटी बहीण मातीची भांडी करते. तिच्या भट्टीचा प्रोग्राम माझ्या भाच्याने, म्हणजे तिच्याच मुलाने, परदेशी जाण्याआधी लिहून दिला होता. शेवटची आच पंधरा मिनिटं धरायची, म्हणून त्यात नऊशे हा आकडा. सेकंद हो, सेकंद. अपडेट आपोआप आलं, आणि नऊशे सेकंदांची नऊशे मिनिटं झाली, म्हणजे पंधरा तास. तिने सकाळी भट्टी लावली आणि डॉक्टरकडे गेली. संध्याकाळी तिला शेजारणीचा फोन, “अहो, तुमच्या भिंतीचा रंग फुगतोय!”

मी पोचले तेव्हा बहीण अंगणात पायरीवर बसली होती. सहा महिन्यांचं काम आत होतं. प्रदर्शन तोंडावर आलेलं. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, “ताई, तुझं होतं ना ते, म्हणून मी कधी तपासलंच नाही गं.”

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी विभागप्रमुखांना फोन लावला. ते म्हणाले, “मॅडम, पण जुनं नाव चालू होतंच ना!”

म्हटलं, “चालू होतं म्हणूनच तर भट्टी चालू राहिली. नाव काढून टाकलं असतं तर प्रोग्राम पहिल्याच ओळीला अडला असता, आणि भांडी कच्ची का होईना, भांडी राहिली असती.”

“आम्ही बदलाची सूचना दिली होती, मॅडम.”

“कुठे?”

“आमच्या पानावर.”

यांच्या पानावर! कुंभारणीने रोज सकाळी चाक फिरवण्याआधी यांचं पान उघडून दर्शन घ्यायचं!

आता तरी चूक दुरुस्त होईल, असं मला वाटलं. भोळी मी. यांनी निष्कर्ष काढला की जुनी नावं धोकादायक आहेत, सबब सगळीच एकदम उडवा. ज्याच्या गळ्यात दुसऱ्याचा आवाज बसवला, त्यालाच गुन्हेगार ठरवलं. आणि वर केक.

आमच्या कॉन्व्हेंटात विजेची घंटा आली तेव्हा सिस्टर सुपीरियरनी जुनी पितळी घंटा लगेच उतरवली नाही. अख्खी टर्म दोन्ही वाजल्या, जुनी आधी, नवी मागोमाग. आम्ही हसायचो. सिस्टर म्हणाल्या, “शेवटच्या बाकाचे कान तयार होऊ देत.” विभागप्रमुख, तुमच्या ऑफिसात शेवटचा बाकच नाही, हे तुमचं दुर्दैव.

तर मला आज का बोलावलं? प्रेमाने? संचालक महोदय, तुम्ही मान खाली घातलीत, म्हणून मीच सांगते. बाकीच्या बदलांना तुमची एकच किल्ली पुरते, पण लायब्ररीतलं नाव काढून टाकणारी आवृत्ती संगणकाला दोन किल्ल्या लावल्याशिवाय बाहेर पडत नाही. एक तुमच्याकडे, दुसरी माझ्याकडे. मी गेले तेव्हा ती मागून घ्यायचं कोणाला सुचलं नाही. आज केक कापून झाला की मी हसत हसत किल्ली लावावी, बटण दाबावं आणि फोटो काढावा, असा बेत आहे. जाहीर कार्यक्रमात बाई नाही म्हणणार नाही, हा हिशेब.

नाही.

‘होल्ड’ पुन्हा सेकंदांत मोजू लागू दे. त्याला हाक मारणाऱ्याच्या पडद्यावर, तुमच्या पानावर नव्हे, सूचना येऊ दे की हे नाव अमुक दिवशी जाणार, आता हे नवं वापरा. वर्षभर ती येत राहू दे. मग मी स्वतः येईन, किल्ली लावीन, आणि ती कंपनीच्या हवाली करून मोकळी होईन. तोवर ती माझ्या पर्समध्ये राहील.

रिकाम्या हाताने मात्र आलेले नाही. विभागप्रमुख, बहिणीच्या भट्टीतून निघालेला हा गोळा तुमच्या टेबलासाठी. जपून, जड आहे. यात तीन पेले आणि एक किटली आहे. कुठलं कुठे संपतं, ते तुमच्यासारख्या टापटीप माणसाने निवांत शोधावं.

अध्यक्षांनी संधी दिली आणि आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. मला दहाचा वेळ दिला होता. मिनिटं की सेकंद, ते मी आधी विचारून घेतलं होतं.