शिंकांचा तक्ता

डोंबिवलीत कान-नाक-घशाच्या दवाखान्यात माझ्या आधी एक आजोबा होते. काउंटरवर सिस्टर त्यांचा कागद बघत होती.

"त्र्यंबककाका, आधी रोज दहा-बारा शिंका. या महिन्यात सगळी शून्यं! स्प्रे लागू पडला की."

"शिंका येतात हो. अगरबत्तीच्या वासाने तर येतातच."

"अहो, मग शून्य का लिहिलंत?"

"आकडे हिचे असायचे. मी शिंकलो की स्वयंपाकघरातून ओरडायची, 'सात! आता खिडकी लावा!'"

"मग या वेळी काकूंनी नाही मोजल्या?"

"तिच्याच फोटोपुढे लावतो ती अगरबत्ती."

सिस्टरने कागद फाईलमध्ये ठेवला. आजोबांनी विचारलं,

"डॉक्टरांना काय सांगणार आता?"

"सांगू काहीतरी. तुम्ही बसा, काका."

"बसतो. आ... आक्छी!"

"एक. थांबा, खिडकी लावते."