हाकेमानची मुदत

आजी : डोळे मीट, इमके, आणि समज की तू सहा वर्षांची आहेस. ब्रेमेनच्या बाहेर, बागांच्या वसाहतीत आपली छोटीशी बाग आहे. बागेत सशांचं खुराडं आहे.

इमके : ससे कुठल्या रंगाचे?

आजी : करडे. एक पांढरा, चावरा. तुझे पणजोबा गोदीतून घरी आले की आधी खुराड्यापाशी वाकतात. लोकांना वाटतं, काय सशांचं वेड आहे या हिनरिकला. पण खुराड्याच्या तळाशी फळी आहे आणि फळीखाली पत्रकं छापायचं यंत्र. ‘हे युद्ध आपलं नाही, पाणबुड्या सावकाश बांधा,’ असं त्या पत्रकांवर लिहिलेलं.

इमके : मला वास येतोय. लेंड्यांचा आणि शाईचा.

आजी : शाब्बास. तोच वास आणखी एकाला आला. आता डोळे उघड आणि या थडग्याच्या दगडावरचं वाच.

इमके : विल्हेल्म हाकेमान. वसाहतीचे लाडके अध्यक्ष.

आजी : लाडके. आमच्या बागेतल्या चेरी खाऊन, तोंड पुसून तो पोलिसांत गेला. पहाटे गाडी आली. बाबांचं डोकं उडवलं आणि शव डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांना दिलं. म्हणून त्यांना थडगं नाही. याला आहे. याला पुरताना अग्निशमन दलाचा बँडही वाजला.

इमके : त्याला कोणी शिक्षा नाही केली?

आजी : युद्ध संपल्यावर माझी आई कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं, तेव्हाच्या कायद्याप्रमाणेच वागला तो. मग हा परत अध्यक्ष झाला. बाबांच्या नावाची पाटी लावा म्हटलं तर सभेत सगळे म्हणाले, बाई, जुनं कशाला उकरता?

इमके : मग पणजीने काय केलं?

आजी : तिने हात मोकळे ठेवले नाहीत. हिटलरच्या काळात रस्त्यात कोणी भेटलं की हात वर करून सलाम ठोकावा लागायचा. आई दोन्ही हातांत पिशव्या घेऊनच बाहेर पडायची. काही आणायचं नसलं तरी घरचेच बटाटे भरून फिरवायची. हात गुंतले की सलाम नाही. पुढे हाकेमानने पाववाल्याच्या दुकानात तिच्यापुढे हात केला तेव्हाही तिच्या हातांत पिशव्याच होत्या.

इमके : बटाटेच?

आजी : बटाटेच. मरेपर्यंत.

इमके : आणि दगडावर ही पिवळी चिठ्ठी कसली?

आजी : मुदत संपल्याची. आपल्याकडे मेलेल्याला जागा काही वर्षांपुरतीच मिळते. घरच्यांनी मुदत वाढवली नाही तर दगड उचलतात, फोडतात आणि खडी करून वाटेवर टाकतात. मी या दिवसाची किती वाट पाहिली म्हणून सांगू. ठरवलं होतं, टाचांचे बूट घालून त्या वाटेवर फिरायचं.

इमके : मग आज साधेच बूट कसे घातलेस?

आजी : परवा दगड उचलायला माणूस आला. दगडावरचं नाव वाचून मला विचारतो कसा, ‘हाकेमान? हा कोण होता?’ म्हणजे हा नुसता दगड होणार. कोणाचा पाय कशावर पडतोय, ते पायालाही कळणार नाही. सुटला की तो! मी तशीच कार्यालयात गेले आणि थडगं माझ्या नावावर करून घेतलं.

इमके : आजी! त्याचं?

आजी : त्याचंच. चल, झाऱ्या भरून आण. दोन्ही.

(इमके नळावर जाते. हाकेमानची मुलगी हानेलोर थडग्यापाशी येते. दोघी एकाच वयाच्या.)

हानेलोर : आल्मुट, कार्यालयातून कळलं. हे खरं आहे का?

आजी : खरं आहे, हानेलोरबाई. तुमच्या वडिलांना आता माझ्याकडे ठेवलंय.

हानेलोर : अहो-जाहो कधीपासून करायला लागलो आपण? एका पाटावर बसून चेरी खाल्ल्यात.

आजी : पाट आमचा होता. बाबांना नेलं तेव्हा तोही गेला, त्याबरोबर ‘तू’ पण गेलं.

हानेलोर : मुदत मी मुद्दाम वाढवली नाही. त्याला जाऊ दे. मलाही सुटू दे. माझ्या नातवंडांना काही माहीत नाही.

आजी : म्हणूनच तर.

हानेलोर : काय करणार आहेस तू?

आजी : पाणी घालीन. बेगोनियाची फुलझाडं लावीन. दगड घासून चकचकीत ठेवीन, एक अक्षर पुसू देणार नाही. दर वर्षी नोव्हेंबरात, मृतांच्या रविवारी, सगळे आपापल्या थडग्यांवर येतात तेव्हा शाळेतली मुलं इथे आणीन आणि सशांची गोष्ट सांगीन. जन्मभर शाळेत शिकवलंय मी. मुलं कशी गप्प बसवायची ते मला कळतं.

हानेलोर : तो माझा बाप होता गं. मला खांद्यावर घेऊन जत्रेत न्यायचा.

आजी : माझा बाप मला नेणार होता. बाकी होतं.

हानेलोर : मी तेव्हा सहा वर्षांची होते.

आजी : मीसुद्धा.

हानेलोर : मग मला कशाची शिक्षा देतेस?

आजी : तुम्हाला नाही देत. पण त्याला द्यायची तर मधे तुम्ही येता. त्याला माझा इलाज नाही.

(इमके दोन्ही हातांत भरलेल्या झाऱ्या घेऊन परत येते.)

हानेलोर : ही नात ना तुझी? अगदी हिनरिककाकांचे डोळे. ये बाळ, हात दे. मी हानेलोर.

इमके : माझे हात गुंतलेत.

आजी : बघा. शिकवावं लागलं नाही.

हानेलोर : हो. तुझ्या आईला पाहिलंय मी, पाववाल्याच्या दुकानात. बाबांचा हात तसाच राहिला होता हवेत. तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी होते. घरी येताना त्यांना विचारलं, ती बाई हात का देत नाही? म्हणाले, बटाटे जड असतात.

आजी : पुन्हा विचारलं नाहीत?

हानेलोर : नाही. जाते मी, आल्मुट.

इमके : थांबा.

आजी : इमके, पाणी सांडतंय. इकडे ये.

इमके : थांब आजी. बाई, तुमच्या नातवंडांना सशांची गोष्ट कोण सांगणार? आजी तर फक्त आमच्या शाळेला सांगणार.

हानेलोर : मला नाही जमायचं, बाळ.

इमके : आधी पाणी घाला, मग आजी तुम्हाला पहिल्यापासून सांगेल, म्हणजे जमेल. पांढरा ससा चावरा होता, तिथपासून. ही एक झारी तुम्ही धरा. दुसरी माझ्याकडेच राहू दे.