धुक्यातली फेक

सासूबाई: सोडलात. पुन्हा अंगठा सोडलात.

जावई: नाही हो आई, ठेवला होता.

सासूबाई: ठेवला होता म्हणे! मग फिरकीवर ही जटा कसली झाली? मी आवाज ऐकला ना. आधी सर्रर्र, मग खर्रर्र. खर्रर्र झालं की समजायचं, दोरीच्या टोकाचं शिसं पाण्यात पोचलं आणि फिरकीला ते कुणी सांगितलंच नाही.

(तळ्यात शिरलेला लाकडी धक्का. उजाडलं आहे, पण धुकं असं की काठीचं टोक दिसत नाही. सासूबाई स्टुलावर बसलेल्या, जावई गळाच्या काठीचं रीळ छातीशी धरून उभा.)

जावई: ते दुसरं रीळ असतं ना, काठीच्या खाली लटकणारं? त्याला म्हणे अंगठा-बिंगठा काही लागत नाही.

सासूबाई: नाही लागत. पोरांच्या हातात तेच देतात. त्याची फिरकी जागची हलत नाही, दोरी नुसती वेटोळी सुटत जाते. हिच्यात फिरकी स्वतः फिरते. शिसं दोरीला ओढतं, दोरी फिरकीला. शिसं थांबलं तरी हिचा वेग राहतो. ती देतच राहते, देतच राहते, आणि पुढे घेणारं कुणी नसतं.

जावई: म्हणजे दाबून धरायचं.

सासूबाई: दाबून धरल्यावर काय झालं ते मघाशी बघितलंत. शिसं तुमच्याच पायाशी आदळलं. बरं, गळ नव्हता बांधलेला. नुसता टेकवायचा अंगठा. निजलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघतो ना, तेवढाच. अहो, अहो, काय करताय?

जावई: धागा तोडतोय.

सासूबाई: दातांनी?

जावई: सवय हो. आई गं!

सासूबाई: नायलॉन आहे तो, कॉलरचा दोरा नव्हे. रक्त आलं? आता आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार? शिंप्याला गुंता दिसला की कात्री आठवते. इथे तोडायचं नसतं. एकेक वेढा सैल करायचा आणि वाट बघायची.

जावई: तुम्हीच सोडवून द्या ना. तुमचा हात बसलेला आहे.

सासूबाई: बसलेला आहे म्हणूनच देणार नाही. बसा खाली. धुकं कुठे पळून जात नाही.

जावई: आई, ही दोरी मुळात भरलीच आहे वाकडी. या बाजूला उंचवटा, त्या बाजूला खड्डा. सगळी काढून परत भरू का? दहा मिनिटांचं काम आहे.

सासूबाई: राहू दे.

जावई: पण बघा तरी. अशी असली तर गुंता होणारच.

सासूबाई: जुनं रीळ आहे. दोरी बोटाने इकडून तिकडे सरकवत भरावी लागते. काल संध्याकाळी पायरीवर बसून तिने भरलीय.

जावई: तिने?

सासूबाई: तिने. आता परत भरायचीय?

जावई: नको.

सासूबाई: मग सोडवा.

जावई: तिला ठाऊक होतं, मी येणार ते?

सासूबाई: उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. आधी तो गुंता सोडवा म्हणते ना.

जावई: ती माहेरी येऊन चार आठवडे झाले, आई. तीनदा तुमच्या दारातून परत गेलो. काल तुमचा फोन आला तेव्हा वाटलं, काही निरोप असेल. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आणि तुम्ही म्हणालात, पहाटे तळ्यावर या, फेक शिकवते. मासे तर मी खातही नाही.

सासूबाई: मीही क्वचितच खाते. बहुतेक सोडून देते.

जावई: मग कशासाठी येता रोज?

सासूबाई: हसाल.

जावई: आज कसला हसतोय मी.

सासूबाई: तीस वर्षं पोस्टात शिक्के मारले. काम सुटलं आणि एक स्वप्न पडायला लागलं. मी पेटीत पत्र टाकते आणि ते पडल्याचा आवाजच येत नाही. कान लावून उभी असते. पेटीला तळच नाही. दचकून उठायचे. मग कुणाच्या तरी नादाने इथे यायला लागले आणि स्वप्न थांबलं. इथे टाकलं की पडल्याचं कळतं. जरा वेळाने कळतं, पण कळतं.

जावई: या धुक्यात मलाच स्वप्नात असल्यासारखं वाटतंय. पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते, पत्ता नाही. सुटला बहुतेक. हा बघा शेवटचा वेढा.

सासूबाई: सुटला? शाब्बास. आता टाकण्याआधी एक करा. मला सांगा, काय झालं ते.

जावई: तिने सांगितलंच असेल.

सासूबाई: तिचं ऐकलं. तुमच्या तोंडून ऐकलेलं नाही. माझ्याकडे बघू नका, तसंही काही दिसणार नाही. पाण्याला सांगा.

जावई: काजं, आई. कोटाची काजं ती करायची. बटणाची भोकं, हाताने. लग्नानंतर तीच म्हणाली, घरी बसून कंटाळते, मला शिकव. शिकवलं. सुरुवातीला वाकडी यायची. तोंडावर सांगणं माझ्या जिवावर आलं. एवढ्या हौसेने करायची! म्हणून संध्याकाळी ती घरी गेली की मी दुकानात मागे थांबायचो. तिची काजं उसवायचो आणि परत करायचो.

सासूबाई: आणि सकाळी?

जावई: सकाळी म्हणायचो, छान झालीयत.

सासूबाई: किती दिवस?

जावई: सहा वर्षं.

सासूबाई: हं.

जावई: मग एक बँडमास्तर तिनेच काजं केलेला जुना कोट घेऊन आले, पोटात सैल करायला. तिने हातात घेतला. ती डावरी. तिचा टाका डावीकडे झुकतो. कोटावरची चारही काजं उजवीकडे झुकलेली. काही विचारलं नाही तिने. कपाट उघडलं, तयार कपडे एकेक करून खाली काढले, दिवा जवळ ओढला आणि बघत बसली. मी कात्री हातात घेऊन नुसता उभा. सगळं बघून झाल्यावर म्हणाली, सहा वर्षांत माझा एक टाका या दुकानाबाहेर गेला नाही. आणि चपला घालून निघाली.

सासूबाई: भर उन्हातून चालत आली. दारातच विचारलं, आई, मी सहा वर्षं काय केलं? मी चहा टाकला.

जावई: तिला लागू नये म्हणून केलं हो मी.

सासूबाई: ते मला पटतं. पण लागलंच ना शेवटी? उठा. टाका.

जावई: हा उठलो.

सासूबाई: रिळाचं बटण दाबा, अंगठा फिरकीवर. काठी मागे. घाई नको.

जावई: थांबा, आई. माझं मशीन पायाचं आहे. कॉलरचं टोक जवळ आलं की मी तळहात चाकावर टेकवतो. टोक यायच्या आधी. आल्यावर टेकवला तर सुई दोन टाके पुढे निघून जाते. हे तसंच आहे का?

सासूबाई: मग मी तासभर दुसरं काय सांगतेय?

जावई: पण टोक डोळ्यांना दिसतं. इथे शिसं कुठवर गेलं ते कसं कळणार?

सासूबाई: दोरीचा ओढा हलका होतो. अंगठ्याला कळतं. डोळे मिटा हवं तर, काही बिघडत नाही.

जावई: टाकतो.

सासूबाई: टाका.

जावई: गेलं... गेलं... आता. आई! ऐकलंत? केवढं लांब पडलं! आणि फिरकी बघा, हात लावून बघा, एक वेढा उठला नाही!

ती: बरं पडलं.

जावई: कोण बोललं?

सासूबाई: पाणी तर नक्कीच नाही.

ती: नावेपासून चार हातांवर पडलं. आणखी थोडं उजवीकडे टाकलं असतंस तर टाळक्यात बसलं असतं.

जावई: तू? तू तिथे केव्हापासून आहेस?

ती: तुझ्या आधीपासून. नाव खुंट्याला बांधलीय आणि मी नावेत.

जावई: आई, तुम्ही मला सांगितलं नाहीत.

सासूबाई: सांगण्या-न सांगण्याचं तुम्ही बोलू नका, जावईबापू. मी तिला म्हटलं, तो येतोय. ती म्हणाली, येऊ दे, पण मी बोलणार नाही. म्हटलं, नको बोलूस, नावेत बसून राहा. आणि खरं सांगायचं तर तुमची फेक तिथवर जाईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

जावई: म्हणजे सगळं ऐकलंस.

ती: धुक्यात आवाज लांब जातो. एक राहिलं सांगायचं.

जावई: काय?

ती: सुरुवातीला वाकडी यायची म्हणालास. मला मान्य. मग? तिसऱ्या वर्षी? पाचव्या?

सासूबाई: बोला की.

जावई: माहीत नाही.

ती: म्हणजे?

जावई: पहिली एक-दोन वर्षं बघून उसवायचो. नंतर बघितलंच नाही. तू गेलीस की हात आपोआप कात्रीकडे जायचा. दिवसाचं शेवटचं काम असल्यासारखा. चांगली असतील. असणारच. मी बघितलं नाही गं.

ती: हं.

जावई: तू निघून गेलीस त्या दिवशी टेबलावर एक कोट होता. त्यावर तुझी सकाळची तीन काजं, उसवायची राहिलेली. ती दिव्याखाली धरून बघितली. खूप वेळ बघितली.

ती: आणि?

जावई: माझ्यापेक्षा बरी होती.

सासूबाई: चिमे? आहेस ना तिथे?

ती: आहे.

जावई: चौथं मी केलं नाही. त्या गिऱ्हाइकाला चौथ्या काजाशिवाय कोट दिला. म्हणालो, हे करणारी माणसं बाहेर गेलीयत, आली की करून देऊ. तो म्हणाला, कोण आहे कारागीर? मी म्हणालो, बायको. एवढा एक शब्द बोलायला मला सहा वर्षं लागली, आणि ऐकायला तू नव्हतीस.

ती: आत्ता ऐकला.

जावई: घरी येशील?

ती: आधी दोरी गुंडाळून घे. आणि पुन्हा एकदा टाक. अलीकडे टाक, माझ्या अंगावर नको.

जावई: आत्ता? आता मला जमेल असं वाटत नाही.

ती: टाक म्हणते ना.

जावई: बरं. बटण... काठी मागे... टाकतो हां.

सासूबाई: अंगठा! अहो, अंगठा! गेलं. खर्रर्र. हा तर आजचा सगळ्यात मोठा. शाबूत दोरी दिसतेय का कुठे?

जावई: तुझ्या आवाजाकडे लक्ष होतं माझं.

ती: हे चांगलं आहे, माझ्यावर ढकल. थांब, नाव लावते धक्क्याला. आई, हात दे.

सासूबाई: जपून. फळी निसरडी झालीय.

ती: दे ते रीळ.

जावई: मी सोडवतो ना.

ती: दे इकडे.

जावई: घे.

ती: वेळ लागेल.

जावई: लागू दे.

ती: आणि माझ्याकडून आणखी गुंतलं तर?

जावई: तर उशिरा जाऊ.

ती: कुठे?

जावई: तू म्हणशील तिथे.

ती: दुकानात मला खिडकीपाशी टेबल हवं. माझं एकटीचं.

जावई: बरं.

ती: आणि संध्याकाळी दुकान मी बंद करणार. किल्ली माझ्याकडे.

जावई: दोन्ही किल्ल्या तुझ्याकडे.

ती: एकच पुरे. दुसरी तू ठेव. पण माझ्यानंतर तिथे थांबायचं नाही.

जावई: नाही थांबणार.

सासूबाई: ऐकताय का दोघं, त्या बाजूला कुठला तरी पक्षी उठला. आता तासाभरात निवळेल हे सगळं. चिमे, तो वेढा ओढू नकोस गं, त्याच्या खालचा— बरं, राहिलं. मी गप्प बसते.

ती: आई, तुलासुद्धा जमतं की गप्प बसायला.

सासूबाई: आणि जावईबापू, तुमची दातखीळ बसली काय? काही सांगायचंय का तिला?

जावई: नाही. बघतोय.

सासूबाई: एवढ्या धुक्यात काय दिसतंय तुम्हाला?

जावई: हात दिसतायत तिचे.